डॉक्टर काय म्हणाले?

१. फुकटचं सोडून पैशाचं का?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजारगाव आहे. कृषी उत्पन्न बाजार समिती, आडती, किराणा-कापडाची दुकानं आणि आसपासच्या खेड्यांची रोजची ये-जा. इथं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, खासगी दवाखाने आहेत, मेडिकल आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले; केसपेपरचे किरकोळ पैसेही उरले नाहीत. तरी अंगात कणकण भरली की रोजानं खुरपायला जाणारी बाई पदराच्या गाठीतल्या नोटा घेऊन खासगी दवाखान्याच्या बाकावर बसलेली दिसते. बाहेरून आलेल्या माणसाला मग हमखास प्रश्न पडतो: फुकटचं सोडून ही माणसं पैसे का मोजतात?

प्रश्न एकट्या जवळ्याचा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भारतात आजारावर उपचार घेण्याच्या दर तीन वेळांपैकी जेमतेम एका वेळी लोक सरकारी दवाखान्यात गेल्याचं आढळलं.

आधी पैशाचाच हिशेब मांडू. धरा, बाईचा रोज ३०० रुपये आहे. सरकारी केंद्रातली मुख्य वेळ सकाळची. रांग, तपासणी, औषधाची खिडकी यात अर्धा दिवस गेला की दीडशे रुपये बुडाले. त्यातून एखादं औषध ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठीवर आलं तर पन्नास-साठ वेगळे. म्हणजे फुकटाचे दोनशे झाले. खासगी डॉक्टर संध्याकाळी दिवेलागणीनंतर बसतो. रोज पदरात पाडून ती तिथं जाते, दीडशे-दोनशेत तपासणी आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि हात आखडला असेल तर ‘सोयाबीन विकलं की देते’ म्हणण्याची सोय असते. व्यवहार चोख आहे. त्यात अडाणीपणा शोधणाऱ्यानं आधी हा हिशेब करून बघावा.

पण पैशाचा हिशेब मिटवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. दवाखान्यातून परतलेल्या माणसाला उंबऱ्यातच पहिला प्रश्न विचारला जातो, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ औषध काय दिलं, पैसे किती घेतले, हे सगळं नंतर. आणि या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर येतं, ‘काही नाही म्हणाले, गोळ्या दिल्या.’ लोकांना आरोग्यसेवेकडून काय हवं असतं, हे समजून घ्यायचं तर या उत्तरातल्या नाराजीपासून सुरुवात करावी लागते.

२. बरं होणं वेगळं, वागणूक वेगळी

जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली जगभरच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना करणारा एक अहवाल काढला. त्यात एक गोष्ट मुद्दाम वेगळी काढली होती. माणसं किती जगतात, किती आजारी पडतात हे एक माप. आणि व्यवस्था त्यांच्याशी वागते कशी, हे दुसरं. या दुसऱ्या मापात सात गोष्टी होत्या: सन्मानानं वागवणं, गुप्तता राखणं, निर्णयात पेशंटला सामील करणं, वेळेवर दखल घेणं, जागा स्वच्छ आणि नीटनेटकी असणं, नातेवाइकांना सोबत राहू देणं आणि आपला डॉक्टर निवडता येणं.

औषध चांगलं हवं, निदान अचूक हवं हे या सातांत कुठंच नाही. ते पहिल्या मापात गेलं. दोन मापं एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात याचा नमुना त्याच अहवालात आहे. वागणुकीच्या मापावर अमेरिका जगात पहिली आली. सगळं मिळून लावलेल्या क्रमवारीत ती ३७वी होती. (एकूण क्रमवारीत फ्रान्स पहिला, भारत ११२वा. या क्रमवारीच्या पद्धतीवर पुढं बरीच टीका झाली आणि संघटनेनं अशी यादी पुन्हा काढली नाही.)

आता जवळ्याच्या बाकावर बसलेल्या माणसाकडं बघू. निदान बरोबर की चूक, हे तपासायचं साधन त्याच्याकडं नाही. गोळीत काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की डॉक्टरनं मान वर करून बघितलं की नाही, छातीला नळी लावली की नाही, पोट दाबून बघितलं की नाही, ‘कधीपासून दुखतंय?’ विचारल्यावर उत्तर पुरतं ऐकून घेतलं की नाही. न दिसणाऱ्याचा अंदाज तो दिसणाऱ्यावरून बांधतो. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ अशी एखाद्या डॉक्टरची ख्याती पंचक्रोशीत होते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. हा अंदाज कधी साफ चुकतो. गोड बोलणारा बोगस डॉक्टरही याच जोरावर वर्षानुवर्षं गल्ला भरतो. पण दुसरा कुठला मार्ग आपण या माणसाला ठेवला आहे, हे त्याला हसणाऱ्यांनी सांगावं.

३. दोन मिनिटं

प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीच्या भागात साधारण ३०,००० लोकवस्तीला एक, आणि त्याखाली ५,००० वस्तीला एक उपकेंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी असावेत अशी अपेक्षा असते. त्यांतला एक बैठकीला, प्रशिक्षणाला, शवविच्छेदनाला किंवा शिबिराला गेलेला असला की एकच उरतो. बाजाराच्या दिवशी १२० पेशंट आले आणि चार तास मिळाले असं धरू. चार तासांची २४० मिनिटं, भागिले १२०, माणशी दोन मिनिटं. यातच नाव, वय, चिठ्ठी लिहिणं आणि मध्येच वाजणारा अधिकाऱ्यांचा फोन.

हा हिशेब मी कल्पनेनं मांडला, पण वास्तव फार वेगळं नाही. ६७ देशांतल्या अभ्यासांचं संकलन २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो आणि बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता.

दोन मिनिटांत गोळी लिहिता येते. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं तरी का थांबवायची नाही, हे समजावता येत नाही. मग पेशंट पंधरा दिवसांनी गोळी बंद करतो, दोन वर्षांनी अर्ध्या अंगावरून वारं जातं आणि चिठ्ठीवर कुणीतरी लिहितं, ‘उपचारात हयगय’. हयगय कुणाची?

बायकांच्या बाबतीत या दोन मिनिटांना आणखी एक अडचण चिकटते. तपासणीच्या खोलीचं दार उघडं असतं, रांगेतला पुढचा माणूस टेबलाला टेकून उभा असतो, आणि तो बहुधा गावातला ओळखीचाच असतो. अशा ठिकाणी ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे कुठली बाई बोलेल? ती ‘कंबर दुखते’ म्हणते, कमरेच्या गोळ्या घेते आणि मूळ दुखणं अंगावर काढते. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा निष्कर्ष जगभर गाजला. दाराला पडदा लावायला अर्थसंकल्पात वेगळी तरतूद लागत नाही, पण असंख्य दवाखान्यांत तो अजून नाही.

४. बाटलीत असतं काय?

‘साहेब, लई अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या.’ मराठवाड्यात हे वाक्य न ऐकलेला डॉक्टर सापडायचा नाही. लोकांची सगळ्यात बदनाम झालेली अपेक्षा हीच. ती नीट उलगडून बघण्यासारखी आहे.

अर्ध्या लिटरच्या बाटलीवरचा कागद वाचा. साध्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. ५०० मिलिलिटरचे ०.९ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम, चहाच्या चमचाभरापेक्षा थोडं कमी. उरलेलं निर्जंतुक पाणी. ‘ग्लुकोजची बाटली’ असेल तर त्यात ५ टक्के साखर, म्हणजे २५ ग्रॅम. एक ग्रॅम साखर साधारण चार कॅलरी देते. पंचवीस चोक शंभर. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून याच्या दुपटीच्या आसपास कॅलरी मिळतात, शिवाय प्रथिनं आणि लोह. म्हणजे ज्याला तोंडानं खाता-पिता येतं, त्याच्या शिरेतून दोन तास घालवून आपण अर्धी भाकर किंवा चमचाभर मीठ आत सोडतो.

याचा अर्थ सलाईन निरुपयोगी असा नव्हे. जुलाब-उलट्यांनी डोळे खोल गेले आहेत, तोंडानं काही टिकत नाही, नाडी लागत नाही, रक्तस्राव झाला आहे, अशा वेळी तीच बाटली जीव वाचवते. पण त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर तोंडानं दिलेलं पाणी पुरतं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगाव इथं, पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचं सलाईन अपुरं पडलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आज अंगणवाडीत आणि आशाताईकडं मिळणारं ओआरएसचं पाकीट ते हेच.

मग लोकांना बाटलीच का हवी असते? डॉक्टर म्हणतात, ‘पेशंटच मागतात, नाही लावली तर समोरच्याकडं जातात.’ पेशंट म्हणतात, ‘डॉक्टरनंच लावली, आम्हाला काय कळतंय?’ दोघंही खरं बोलतात. बाटली लावली की पेशंटला दोन तास खाट मिळते. सिस्टर येऊन थेंब मोजते. सून किंवा मुलगा उशाशी बसून राहतो. शेतातून आल्यावर चुलीपुढं बसणाऱ्या बाईला वर्षात दुसऱ्या कुठल्या निमित्तानं असं दोन तास आडवं पडता येतं? तिला आपली दखल घेतली गेल्याचं समाधान मिळतं. डॉक्टरला पैसे मिळतात आणि समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात. घरी ‘डॉक्टर काय म्हणाले’ विचारलं की सांगायला उत्तर तयार असतं: ‘बाटली लावली.’

सुईचं आणि अँटिबायोटिकचं असंच होतं, आणि तिथं नुकसान जास्त आहे. साध्या सर्दी-खोकल्याला विषाणू कारणीभूत असतो आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. ते उगाच घेत राहिलं की अंगातले जिवाणू त्याला सरावतात, आणि पुढं खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. मागणी चुकीची आहे, हे मान्य. पण ती मागणी बोलण्याची जागा भरून काढते आहे, हे ओळखल्याशिवाय नुसती ‘लोकजागृती’ करून ती कमी होणार नाही, असं मला वाटतं.

५. कायदा किती मागतो?

लोकांच्या अपेक्षांना कायद्यात कुठवर जागा आहे? सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यापासून करू. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला मोटारीनं पुण्याच्या इस्पितळात आणलं. तिथं पूर्ण भूल न देता, माणसं लावून जोरानं पाय ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि ९ मे रोजी तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल लागला. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले या नावानं तो आजही वकिलांना तोंडपाठ असतो. भरपाई तीन हजार रुपयांची होती. महत्त्वाचं होतं ते न्यायालयानं घालून दिलेलं माप. पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो देताना काळजी, ही डॉक्टरची तीन कर्तव्यं. आणि कौशल्य किती हवं? सर्वोत्तम नव्हे, अगदी सुमारही नव्हे, तर त्या परिस्थितीत वाजवी असेल तेवढं. जवळ्याच्या डॉक्टरकडून मुंबईच्या तज्ज्ञाइतकी अपेक्षा कायदा करत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचं दुखणं वेळेत ओळखून पुढं पाठवण्याची मात्र करतो.

१९९५ साली व्ही. पी. शांता यांच्या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पण एक मेख राहिली. जिथं सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते तिथला पेशंट ‘ग्राहक’ ठरत नाही, नोंदणीचे किरकोळ पैसे भरले तरीही नाही. म्हणजे सरकारी केंद्रात हेळसांड झाली तर ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद. २००८ साली समीरा कोहली खटल्यात न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं, की सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. काय करणार, कशासाठी, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, न केल्यास काय होईल, हे पेशंटला कळेल असं सांगायला हवं. ‘डॉक्टर काय म्हणाले’ या घरगुती प्रश्नाला मिळालेलं हे न्यायालयीन वजन आहे.

काही गोष्टी थेट मागता येतात, त्या माहीत असाव्यात. उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालचे नियम २०२१ साली सुधारले गेले. खाटा असलेल्या खासगी दवाखान्यानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तातडीच्या पेशंटला प्रथमोपचार नाकारायचे नाहीत आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही. खाटा नसलेल्या छोट्या दवाखान्याला हा कायदा लागू नाही, आणि खेड्यात तर त्यांचीच संख्या जास्त.

दुसरी बाजूही कायद्यानं सांभाळली आहे. डॉक्टर-कर्मचाऱ्यांना मारहाण किंवा दवाखान्याची मोडतोड केल्यास २०१० च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई.

६. विचारून बांधलेला दवाखाना

लोकांना काय हवं हे ठरवण्याचा एक साधा उपाय आहे, त्यांना विचारणं. तो फार कमी वेळा वापरला जातो. बंग दांपत्यानं १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. आदिवासींसाठी दवाखाना उभारायचा तर तो कसा असावा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं अशी आली जी कुठल्या वास्तुविशारदाला सुचली नसती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरं मेलेल्या माणसावर घालतो. नातेवाइकांना बाहेर काढता, मग आजारी माणसानं एकट्यानं कसं राहायचं? तिथं आमची देवी कुठं आहे?

मग ‘सर्च’च्या शोधग्राम परिसरात दवाखाना उभा राहिला तो झोपड्यांच्या पाड्यासारखा. पेशंटसोबत घरचे राहतील अशी सोय झाली आणि नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना. या उत्तरांत कुणी महागडं यंत्र मागितलं नव्हतं. सोबत, ओळखीचा परिसर, भीती कमी होणं, एवढंच मागितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सात मुद्द्यांतले निम्मे तरी यात आहेत, आणि ते अहवाल न वाचता आलेले आहेत.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं तेव्हा लोकांनी आधी मागितलं पाणी आणि अन्न. त्यांनी गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. गावचीच बाई गावच्या भाषेत सांगते म्हटल्यावर समजावण्याचा अर्धा प्रश्न सुटला.

७. ‘पुढं घेऊन जा’

जवळ्यासारख्या गावात सगळ्यात जास्त धसका कशाचा असेल तर तो या तीन शब्दांचा. रात्री बाळंतपण अडलं की केंद्रातून सांगतात, पुढं घेऊन जा. पुढं म्हणजे औंढ्याचं ग्रामीण रुग्णालय, वसमत, परभणी, हिंगोली, आणि सगळ्यात शेवटी नांदेडजवळ विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गरोदर आणि बाळंत बाईला नेणं-आणणं, औषध, रक्त, जेवण हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत, हा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासूनचा. कागदावर साखळी पूर्ण आहे.

नातेवाइकांना मात्र या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे अंगावरचं ओझं झटकणं वाटते. कुणी सांगत नाही की इथं रक्ताची सोय नाही, भूलतज्ज्ञ नाही, बाळाचे ठोके कमी होत आहेत. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी असतात. पुढच्या दवाखान्याला फोन गेलेला असेलच असं नाही, त्यामुळं तिथं पुन्हा पहिल्यापासून प्रश्न. वाजवी कारणानं पुढं पाठवलेल्या पेशंटचे नातेवाईकही असे आयुष्यभर म्हणत राहतात, ‘हातच लावला नाही.’

या साखळीच्या शेवटच्या टोकाला काय होऊ शकतं, हे २०२३ साली सगळ्या देशानं पाहिलं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बालकं. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. औषधांचा तुटवडा नव्हता, अनेक रुग्ण शेवटच्या अवस्थेत दुरून पाठवलेले होते, असं रुग्णालयानं सांगितलं. नातेवाईक बाहेरून आणलेल्या औषधांच्या पावत्या दाखवत होते. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती खराटा देऊन अस्वच्छ स्वच्छतागृह साफ करायला लावलं. चित्रफीत घरोघरी पोचली. खासदारांवर गुन्हा दाखल झाला. पारावर मात्र पुष्कळांनी ‘बरी जिरवली’ म्हटलं.

मला ही घटना अपेक्षांच्या अभ्यासासाठी फार बोलकी वाटते. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा विचारलं ते वेगळंच. रुग्णालयांवर ताण आहे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हे न्यायालयानं बजावलं आणि प्रश्न केले: आरोग्यावर खर्च किती, पदं किती रिकामी, आणि औषध खरेदीसाठी त्याच वर्षी कायद्यानं स्थापन झालेल्या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख का नाही? ही रिकामी खुर्ची वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेल्या बापाला दिसत नाही. त्याला घाण स्वच्छतागृह दिसतं आणि पांढऱ्या डगल्यातला माणूस दिसतो. संताप तिथंच उतरतो. लोकप्रतिनिधींना तरी ती खुर्ची दिसायला हरकत नव्हती; पण खुर्ची दाखवणारी चित्रफीत कोण बघणार?

८. जाब कुठं विचारायचा?

ग्राहक आयोग सरकारी केंद्रातल्या पेशंटला दारात उभं करत नाही, हे आपण पाहिलं. मग उरतं काय? १०४ क्रमांकाची आरोग्य हेल्पलाइन आहे, तालुका आरोग्य अधिकारी आहेत, केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे, ग्रामसभा आहे. यांतली रुग्ण कल्याण समिती बहुतेकांना ठाऊकच नसते, वास्तविक केंद्राच्या किरकोळ दुरुस्तीचा आणि सोयींचा निधी तिच्या हाती असतो. दाराचा पडदा तिच्या ठरावानं लागू शकतो.

महाराष्ट्रात याहून धीट प्रयोगही झालेला आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. राज्य पातळीवर त्याची धुरा पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडं होती. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचं आणि केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं: नर्स येते का, औषधं मिळतात का, पैसे मागतात का, वागणूक कशी आहे. चांगलं, मध्यम, वाईट असे रंग. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला गावकरी, समोर अधिकारी, मधे माइक. जी बाई केसपेपरच्या खिडकीवर आवाज काढत नव्हती, ती इथं उभी राहून ‘बाहेरून औषध आणायला लावलं’ असं तारखेसकट सांगते, आणि अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर तिला उत्तर द्यावं लागतं. गंमत अशी, की अशा सुनवाईत डॉक्टरांचीही गाऱ्हाणी बाहेर येतात: क्वार्टर गळतं, औषधाची मागणी पाठवून महिने झाले, दुसऱ्या अधिकाऱ्याची जागा भरलीच नाही. लोकांना न दिसणारी बाजू पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मांडली जाते. भांडण होतं, पण निदान योग्य माणसाशी होतं.

हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांपैकी एक म्हणून ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. खाटा वाढतील, तज्ज्ञ येतील, नांदेडची वाट काहींसाठी तरी वाचेल. जवळ्याच्या ग्रामसभेनं या महाविद्यालयाकडं मागावी अशी एक स्वस्त गोष्ट आहे. केंद्रातला डॉक्टर पेशंटला चिठ्ठी देऊन पुढं पाठवतो; त्या पेशंटचं तिथं काय झालं, शस्त्रक्रिया झाली की नाही, औषधं कोणती सुरू आहेत, हे कळवणारी चिठ्ठी उलट फारशी येत नाही. आठवड्यानं बाळंतीण घरी परतते आणि तिच्या दारात आशाताई उभी असते, तेव्हा दोघींकडंही सांगण्यासारखं काही नसतं. उलट येणाऱ्या त्या चिठ्ठीवर चार ओळी मराठीत लिहायला रुग्णालयाला पाच मिनिटं लागतील.